पांढरीच्या मातीत दडलेले आजार

तापी आणि गोमाईच्या संगमावरचे प्रकाशे भाविकांना दक्षिण काशी म्हणून ठाऊक आहे. नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातल्या याच गावात 1954-55 साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे बी. के. थापर यांनी पांढरीचे, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचे, टेकाड खणले. ताम्रपाषाण काळापासून पुढच्या अनेक शतकांचे वस्तीचे थर त्यांना एकाखाली एक लागले. रंगीत खापरे, दगडी पाती, मणी, लोखंडी वस्तू यांच्या आधारे खानदेशच्या प्राचीन इतिहासाचा एक भक्कम धागा तिथे हाती आला.

त्या काळच्या उत्खननांची रीत अशी की खापरे जपायची आणि माती बाजूला टाकायची. आता ही रीत बदलायलाच हवी. तापीकाठची माणसे काय खात होती, घाण कुठे टाकत होती, कोणत्या दुखण्याने झिजत होती, याचा पुरावा त्या मातीतच असतो. जंतांच्या अंड्यांच्या रूपाने!

गोलकृमीची एक मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. विष्ठेतून ती मातीत जातात आणि त्यांचे कवच इतके चिवट असते की हजारो वर्षांनंतरही ती ओळखता येतात. तपासणीची पद्धत फार खर्चिक नाही. जुन्या शौचकूपाच्या तळातली किंवा सांगाड्याच्या कमरेच्या हाडांजवळची चिमूटभर माती ट्रायसोडियम फॉस्फेटच्या पातळ द्रावणात भिजवायची, बारीक चाळण्यांतून गाळायची आणि उरलेल्या गाळाचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा. सूक्ष्मदर्शकाखाली व्हिपवर्म या जंताचे अंडे लिंबासारखे दिसते. दोन्ही टोकांना पारदर्शक बुचे, लांबी मिलिमीटरचा जेमतेम विसावा भाग. अंडी पोटातलीच होती, बाहेरून आलेली नव्हती, याची खात्री करायला त्याच सांगाड्याच्या कवटीजवळची मातीही तपासतात.

या शास्त्राची सुरुवात 1910 साली झाली. मार्क आर्मंड रफर यांना इजिप्तच्या ममींच्या मूत्रपिंडांत शिस्टोसोमा या परजीवीची अंडी सापडली. पुढे मँचेस्टरमध्ये 1975 साली उलगडलेल्या एका किशोरवयीन मुलीच्या ममीत चुनखडी झालेला नारू मिळाला. चीनमध्ये दुनहुआंगजवळच्या श्वेनच्वानझी या रेशीम मार्गावरच्या ठाण्यात दोन हजार वर्षांपूर्वीच्या शौचालयात कापड गुंडाळलेल्या काड्या सापडल्या. शौचानंतर अंग पुसायला त्या वापरत. 2016 साली जाहीर झालेल्या तपासणीत त्यांच्यावर यकृतकृमीची अंडी आढळली. हा कृमी कच्च्या माशांतून पोटात जातो आणि दलदलीच्या प्रदेशात वाढतो. असा प्रदेश त्या वाळवंटी ठाण्यापासून दीड हजार किलोमीटरवर होता. माणूस चालत आला आणि आजारही सोबत घेऊन आला. सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे जाणारी वाट नवापूर-नंदुरबारवरून जात असे, सतराव्या शतकात फ्रेंच व्यापारी ताव्हर्निये त्याच वाटेने गेला. या वाटेवरच्या जुन्या मुक्कामांची मातीही अशीच बोलू शकेल.

नंदुरबारसाठी सर्वात मोलाचा धडा मात्र रोमचा आहे. रोमनांनी सार्वजनिक शौचालये बांधली, गटारे काढली, नळाने पाणी आणले. तरीही केंब्रिजचे पियर्स मिचेल यांनी रोमन काळातले पुरावे एकत्र केले तेव्हा गोलकृमी आणि व्हिपवर्म कमी झाल्याचे दिसले नाही. मैला शेतात खत म्हणून टाकला जाई आणि भाजीवाटे अंडी पुन्हा ताटात येत, हे त्याचे एक संभाव्य कारण. बांधकाम झाले, पण विष्ठा आणि अन्न यांच्यातली साखळी तुटली नाही.

2018 साली महाराष्ट्राचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त जाहीर झाला. पण नंदुरबारच्या अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या डोंगरपाड्यांवर उन्हाळ्यात झऱ्यातून वाटी-वाटीने हंडा भरावा लागतो. तिथे शौचालयाच्या चार भिंतींना पाण्यावाचून अर्थ काय? शाळा-अंगणवाड्यांत जंतनाशक दिनाला अल्बेंडाझोलची गोळी मिळते आणि ती मिळायलाच हवी. गोळी पोटातले जंत मारते, अंगणातल्या मातीतली अंडी तशीच राहतात आणि काही महिन्यांत पोट पुन्हा भरते.

नारूची गोष्ट याहून वेगळी. त्याच्यावर लस नव्हती, गुणकारी औषधही नव्हते. पाणी कापडाने गाळणे, पायविहिरींत उतरणे बंद करणे आणि गावोगाव पाळत ठेवणे, एवढ्यावर तो हटला. 1996 साली देशातला शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त जाहीर केला.

सातपुड्यात जंतांचा प्रश्न अधिक खोल आहे, कारण जुन्या परजीवीची खूण इथे जिवंत माणसांच्या रक्तातही आहे. प्रकाश्याचे उत्खनन झाले त्याच सुमारास, 1954 साली, अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत दाखवून दिले की सिकलसेलचे एकच जनुक असलेल्यांना जीवघेण्या हिवतापापासून संरक्षण मिळते. भिल्ल, पावरा समाजांतला सिकलसेल हा पिढ्यान्‌पिढ्यांच्या हिवतापाचा वारसा आहे. सिकलसेलमुळे आधीच रक्त कमी असलेल्या मुलाच्या आतड्याला रक्त शोषणारा अंकुशकृमी चिकटला तर त्याचे हाल दुप्पट होतात.

म्हणून तापीखोऱ्यात यापुढे जिथे कुदळ पडेल तिथे शोषखड्डे, घरांच्या जमिनी आणि दफने यांतल्या मातीचे नमुने काढून जपणे सक्तीचे करावे. इनामगावच्या उत्खननाने आणि त्यातल्या सांगाड्यांच्या अभ्यासाने नाव मिळवलेले पुण्याचे डेक्कन कॉलेज, जळगावचे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आणि नंदुरबारचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांनी हे काम वाटून घ्यावे. विष्ठेतली अंडी ओळखायला शिकलेले विद्यार्थी महाविद्यालयात आहेतच. त्यांच्या काचपट्टीवर एक थेंब आजच्या पाड्यातल्या मातीचा आणि एक प्रकाश्याच्या थराचा आला, तर कोणता जंत किती जुना आणि तो कशामुळे टिकला, हे जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला पुराव्यानिशी सांगता येईल. त्याआधी आणखी एक काम तातडीचे आहे. शेतात टाकायला आणि घरे लिंपायला पांढरीची माती ट्रॉली भरभरून नेली जाते. ते ग्रामपंचायतींनी थांबवावे आणि पुरातत्त्व विभागाने उरलेल्या टेकाडांची हद्द आखून सातबाऱ्यावर नोंद करून घ्यावी.