कुडो, गुंठा आणि संगणकाची इरजिक



तुमसर तालुक्यातील आंबागड म्हटले की आधी किल्ला आठवतो. वर टेकडीवर जुना किल्ला, खाली धानाच्या बांध्या. पण अशा गावांतून आणखी एक जुनी गोष्ट घरोघरच्या पेटीत जपलेली असते, ती म्हणजे जमिनीचे कागद. भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता. म्हणून जुन्या कागदांवर एकर आणि डिसमिल सापडते. आजच्या सात-बारावर हेक्टर आणि आर असते. आणि अकोला-अमरावतीकडचे सोयरे आले की ते एकर-गुंठ्यांत बोलतात. जमीन तीच, बोली तीन.

आता समजा, कागदावर २.२० असा आकडा आहे. डिसमिल म्हणजे एकराचा शंभरावा भाग. तेव्हा डिसमिलच्या हिशेबाने ही जमीन दोन एकर वीस डिसमिल, म्हणजे दोन एकर आठ गुंठे झाली. पण वाचणाऱ्याने तोच आकडा दोन एकर वीस गुंठे असा धरला, तर ती अडीच एकर होते. चाळीस गुंठ्यांचा एकर, त्यामुळे वीस गुंठे म्हणजे अर्धा एकर. फरक किती पडला? बारा गुंठे, म्हणजे सुमारे १,२१४ चौरस मीटर. दोघा भावांच्या वाटणीत एवढ्यावरून बोलचाल बंद व्हायला वेळ लागत नाही. आकडा खोटा नव्हता, खोटे कोणी बोलले नव्हते. फक्त आकड्याच्या पुढे मापाचे नाव लिहिलेले नव्हते.

खताचेही तसेच. शिफारस बहुधा हेक्टरी असते. हेक्टरी १०० किलो नत्र द्यायचे आणि ते सगळे युरियातून द्यायचे असे धरले, तर युरियात ४६ टक्के नत्र असल्याने हेक्टरी सुमारे २१७ किलो युरिया लागेल. एकराला हे ८८ किलो, म्हणजे ४५ किलोच्या जवळजवळ दोन गोण्या. हेक्टरचा आकडा एकराला लावला की जवळजवळ अडीच पट खत पडते. पैसा जातो, धान लोळते आणि रोगाला आमंत्रण मिळते ते वेगळेच.

अशा चुका शिकल्यासवरल्या माणसांच्याही हातून होतात. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडातील एका मोठ्या प्रवासी विमानात इंधन भरताना किलोच्या जागी पौंडाचा हिशेब धरला गेला. लागत होते त्याच्या निम्म्याहूनही कमी इंधन भरले आणि विमान आकाशात असतानाच दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकांनी ते घारीसारखे तरंगत गिमली येथील जुन्या धावपट्टीवर उतरवले, म्हणून माणसे वाचली.

तुम्ही म्हणाल, आता मोबाइल आहे, तोच हिशेब करील. करील खरा, पण मोबाइलला गुंठा कोणी शिकवला? ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. हिशेबाची अनेक साधने मुळात मोफत आणि सर्वांना खुल्या असलेल्या कोठारांवर उभी असतात. ‘सिम्पाय’ हे असेच एक गणिताचे कोठार आहे. चेक देशातील ओंद्रेय चेर्तीक यांनी ते सुरू केले आणि पुढे देशोदेशीच्या लोकांनी वाढवले. त्यात मोजमापाचाही एक कप्पा आहे. ‘ग्नू युनिट्स’ नावाचा दुसरा मोफत कार्यक्रम आहे. त्यात हजारो मापांच्या व्याख्या साध्या मजकुरात लिहून ठेवलेल्या आहेत. कोणीही उघडून वाचाव्यात.

हा सारा प्रकार आपल्या इरजिकीसारखाच. एकाच्या बांधीत सगळ्यांनी राबायचे, पण इथे पीक मात्र साऱ्या जगाचे. कोणी नवे माप सुचवतो, कोणी ते तपासतो, कोणी चूक काढतो. नांगर विकत घ्यावा लागत नाही. अक्कल आणि चिकाटी तेवढी घरून न्यावी लागते.

घरातल्या शिकणाऱ्या मुलामुलींनी हे काम करायचे ठरवले तर त्यांना काय करावे लागेल? पहिले, ते माप तिथे आधीच आहे का हे बघणे. दुसरे, मापाची जात सांगणे: लांबी, क्षेत्र, आकारमान की वजन. तिसरे, नेमके प्रमाण देणे. गुंठा म्हणजे १२१ चौरस यार्ड आणि यार्ड म्हणजे बरोबर ०.९१४४ मीटर. त्यावरून गुंठा १०१.१७१४१०५६ चौरस मीटर होतो. ‘गुंठा आणि आर एकच’ असे आपण सहज बोलतो, पण तसे लिहून चालत नाही. दहा एकरांत त्याने साडेचार गुंठ्यांहून अधिक फरक पडतो. चौथे, परीक्षा लिहून देणे: चाळीस गुंठे टाकले की एक एकर आला पाहिजे, आणि एकराचे किलो करायला सांगितले तर यंत्राने साफ नकार दिला पाहिजे. कोठार सांभाळणारे लोक हे सगळे वाचतात आणि पुष्कळदा दुरुस्तीसाठी परतही पाठवतात. त्यात अपमान नाही. बी पेरण्याआधी निवडावे लागतेच.

खरी कसोटी लागते ती आपल्या कुडो-खंडीची. वीस कुडोंची खंडी हे प्रमाण धानपट्ट्यात सर्वांच्या तोंडी असते. पण कुडो हे भरून मोजायचे माप आहे, तोलायचे नव्हे. त्याच मापात धान भरले तर एक वजन, तांदूळ भरले तर दुसरे. म्हणून ‘एक खंडी म्हणजे इतके किलो’ असे लिहिताना कोणते धान्य हे सांगावेच लागते. शिवाय गावागणिक मापही बदलते. त्यावर तोड आहे. ब्रिटिश गॅलन सुमारे ४.५५ लिटरचा आणि अमेरिकन ३.७९ लिटरचा, तेव्हा जाणते लोक दोघांना वेगळी नावे देतात. खंडीलाही तिच्या भागाचे नाव जोडूनच यंत्रात बसवले पाहिजे. नावाशिवाय बसवली तर २.२० चाच गोंधळ यंत्रातून हजारो घरी पोहोचेल.

हे काम मुंबईत बसलेल्या हुशार मुलाला एकट्याला जमणारे नाही, कारण त्याने कुडो पाहिलेला नसतो. तो तुमच्या घरात आहे. जुने लोखंडी किंवा पितळी माप असेल तर लिटरच्या मापाने मोजून त्यात पाणी भरा आणि किती बसले ते लिहा. मग ते कोरडे करून धान भरा, तोला. तांदूळ भरा, तोला. माप सपाट भरले की शिगेचे तेही लिहा. गावाचे नाव आणि तारीख घाला. आजीला किंवा म्हाताऱ्या बाबांना विचारून त्या मापाचे स्थानिक नाव जसे उच्चारतात तसे नोंदवा. हा कागद हाताशी असल्यावर पुढचे काम शिकलेली पोर करील. मुंबईच्या आयआयटीत ‘फॉसी’ हा उपक्रम अशा खुल्या गणिती साधनांचा प्रसार करतो. तिथलेच ‘स्पोकन ट्युटोरियल’चे बोलते धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत मोफत मिळतात.

एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. जुनी मापे जपायची ती माहिती म्हणून, व्यवहारासाठी नव्हे. २००९ च्या वैधमापन कायद्याप्रमाणे खरेदी-विक्री किलो, क्विंटल आणि लिटरमध्येच झाली पाहिजे. बाजारात धान नेताना तोलकाट्याची पावती घ्या, आणि पावतीवर आकड्यापुढे मापाचे नाव आहे ना, ते तिथेच उभे राहून वाचा.

तेवढी सवय घरातल्या लहानथोरांना लागली आणि यंदाच्या सुटीत एखाद्या मुलीने आजीचा कुडो मोजून वहीत उतरवला, तर ती वही सात-बाराच्या शेजारीच ठेवा. पुढेमागे वाटणीच्या वेळी जुन्या कागदाचा अर्थ लावायला तीच उपयोगी पडेल.