आसिया, पण कोणती?

पहिलीच्या हजेरीपटावर अलीकडे आम्हाला आयलीन, एलिफ, अर्तुग्रुल अशी नावे भेटतात. तुर्की मालिकांची ही देन. (आमच्या अर्तुग्रुलचा वर्गात 'गुल्लू' झाला आहे, ते वेगळे.)

परक्या मुलखातले नाव ठेवण्यात आम्हाला गैर काही वाटत नाही. शिरीन, परवीन, फिरोज, जमशेद ही नावे अरबी नव्हेत, फारसी आहेत. आपल्या दादी-नानींना ती कधी परकी वाटली नाहीत. हजरत मारिया किब्तिया (रजि.) तर इजिप्तहून आल्या होत्या.

अडचण लिपीची आहे. 'आसिया' घ्या. अलिफ-मद आणि सीनने लिहिले तर ते फिरऔनच्या ईमानवाल्या बीबीचे नाव. ऐन आणि साद आले की अर्थ होतो नाफरमान. हजरत उमर (रजि.) यांच्या एका मुलीचे हे दुसरे नाव पैगंबरांनी (स.) बदलून जमीला ठेवल्याचे सहीह मुस्लिममध्ये आहे. देवनागरीत मात्र दोन्ही अगदी सारखीच दिसतात! तुर्की नावांचे आणखी निराळे. त्यांच्या रोमन लिपीत 'सी'चा उच्चार 'ज', म्हणून आपल्याच जमालचा तिथला जेमाल इथे 'सेमाल' होऊन बसतो.

जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण ती नावाशिवायही होते. नाव 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येते. तेव्हा घाई नको. आधी मौलानासाहेबांकडून उर्दू हिज्जे कागदावर लिहून घ्या, मगच पालिकेचा अर्ज भरा.