तडजोड कोणाची, किंमत कोणाची?

दोन पक्षांत वाद असेल तर त्यांनी तो आपसांत मिटवावा, याला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. परंतु ज्या वादात तिसऱ्याचाच खिसा कापला गेला आहे, तो खिसेकापू आणि पहारेकरी यांनी बंद खोलीत बसून मिटवला, तर त्याला तडजोड म्हणायचे काय? भारतीय स्पर्धा कायद्यात २०२३ साली झालेल्या दुरुस्तीने नेमका हा प्रश्न उभा केला आहे, आणि तो वकिलांवर सोपवून आपण स्वस्थ बसणे परवडणारे नाही.

या दुरुस्तीने २००२ च्या मूळ कायद्यात ४८-अ आणि ४८-ब ही कलमे घातली. बाजारातील वर्चस्वाचा गैरवापर केल्याचा किंवा वितरकांवर जाचक अटी लादल्याचा आरोप असलेली कंपनी आता स्पर्धा आयोगापुढे तडजोडीचा किंवा हमीचा प्रस्ताव ठेवून चौकशीतून मोकळी होऊ शकते. संगनमताने भाव ठरवणाऱ्या कार्टेलना ही सवलत नाही, आणि आदेशापूर्वी हरकती व सूचना मागवण्याची तरतूदही आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु खरी मेख पुढेच आहे. या आदेशाविरुद्ध राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाकडे अपील करता येत नाही. कंपनीला अपील नकोच असते, कारण तिने मागितलेलाच आदेश तिला मिळालेला असतो. तेव्हा दार बंद झाले ते तक्रारदारासाठी, छोट्या व्यापाऱ्यासाठी आणि ग्राहकासाठी! उच्च न्यायालयात रिट अर्जाची वाट उरते. पण ती खर्चाची आहे, आणि तडजोडीच्या अटी पुरेशा आहेत की नाहीत याची अपिलासारखी छाननी तेथे होत नाही.

एप्रिल २०२५ मध्ये अँड्रॉइड टीव्हीच्या प्रकरणात गूगलने २० कोटी २४ लाख रुपये भरून या कायद्याखालील पहिली तडजोड केली. आयोगाचा तो निर्णय एकमताचा नव्हता, बहुमताचा होता. ज्या निर्णयाबद्दल खुद्द आयोगातच मतभेद होता, तो गुणदोषांवर तपासण्याचा अधिकार मात्र न्यायाधिकरणाला नाही!

आता नाण्याची दुसरी बाजू पाहा. जून २०१२ मध्ये आयोगाने सिमेंट कंपन्यांना संगनमताबद्दल ६,३०० कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. डिसेंबर २०१५ मध्ये तेव्हाच्या स्पर्धा अपील न्यायाधिकरणाने तो आदेश रद्द केला. कारण काय? अंतिम सुनावणीस हजर नसलेल्या अध्यक्षांनी आदेशावर सही केली होती. ज्याने ऐकले त्यानेच निर्णय द्यावा, हे नैसर्गिक न्यायाचे तत्त्व मोडले गेले. तत्त्व योग्यच आहे, आणि आयोगाने फेरसुनावणी घेऊन २०१६ मध्ये पुन्हा दंड केलाही. आमचा सवाल इतकाच की, कंपनीचे म्हणणे नीट ऐकले गेले की नाही हे तपासायला जर न्यायाधिकरण हवे, तर ग्राहकाचे म्हणणे ऐकले गेले की नाही हे तपासायला ते का नको? नैसर्गिक न्याय हा काय केवळ भागभांडवलदारांचा वारसा आहे?

बंद खोलीतील समझोते कोठवर जातात याचा धडा अमेरिकेने घेतलेला आहे. आयटीटी ही महाकाय कंपनी. चिलीत आयेंदे सत्तेवर येऊ नयेत म्हणून सीआयएला पैसे देऊ करणारी ती हीच. तिच्यावरील मक्तेदारीविरोधी खटले १९७१ मध्ये समझोत्याने मिटले आणि हार्टफर्ड ही विमा कंपनी तिच्याकडेच राहिली. पुढल्याच वर्षी, रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनासाठी देऊ केलेल्या चार लाख डॉलरांचा या समझोत्याशी संबंध जोडणारे टिपण वृत्तपत्रांत झळकले. त्या गदारोळानंतर १९७४ मध्ये कायदा झाला: समझोत्याचा मसुदा साठ दिवस आधी प्रसिद्ध करावा, आलेल्या हरकतींना सरकारने उत्तर द्यावे, आणि समझोता लोकहिताचा आहे असे न्यायाधीशाने ठरवल्याखेरीज तो अंमलात येऊ नये. तेथील न्यायालये हा अधिकार पुष्कळदा हात राखूनच वापरतात, हे खरे. पण भांडवलशाहीच्या माहेरघरी जे दार निदान किलकिले ठेवले आहे, ते आपण कडीकुलूप लावून बंद केले आहे.

दक्षिण आफ्रिकेचा दाखला कामगार चळवळीने विशेष लक्षात ठेवावा असा आहे. तेथे आयोगाने आरोपी कंपनीशी केलेला करार स्वतंत्र न्यायाधिकरणापुढे जातो. ते तो मान्य करते, बदल सुचवते किंवा फेटाळते. कंपन्यांच्या विलीनीकरणात तर कामगार संघटनांनाही बाजू मांडता येते. वॉलमार्टने मासमार्ट ही कंपनी घेतली तेव्हा, कंपन्यांनी देऊ केलेल्या हमींच्या आधारे, न्यायाधिकरणाने २०११ मध्ये संमती दिली. संघटना अपिलात गेली, आणि मार्च २०१२ मध्ये अपील न्यायालयाने, आधी कामावरून काढलेल्या ५०३ कामगारांना परत घेण्याचा आदेश दिला. अपिलाची सोयच नसती तर हा आदेश कोठून आला असता?

खटले वर्षानुवर्षे रेंगाळतात, तडजोडीने दिलासा लवकर मिळतो, असे या दुरुस्तीचे समर्थक सांगतात. विलंबाचे दुःख आम्हालाही ठाऊक आहे. पण हा विलंब बहुतांशी कोणाच्या वकिलांनी लांबवलेल्या तारखांतून येतो? त्याची शिक्षा ज्याने एकही तारीख मागितली नाही त्याला का? मुदतबद्ध अपील हा त्यावरचा उपाय आहे. अपीलच काढून टाकणे म्हणजे रोग्यालाच काढून टाकणे होय.

म्हणून आपली मागणी स्पष्ट असली पाहिजे. तडजोडीचा मसुदा आणि रक्कम ठरवण्याची कारणे प्रसिद्ध झाली पाहिजेत. प्रत्येक हरकतीला आयोगाने लेखी, सकारण उत्तर दिले पाहिजे. आणि तक्रारदाराला, ग्राहक संघटनांना व कामगार संघटनांना ठराविक मुदतीत न्यायाधिकरणाकडे अपिलाचा हक्क मिळाला पाहिजे. तोवर जे हरकतीचे दार उघडे आहे तेवढे तरी कार्यकर्त्यांनी ओस पडू देऊ नये. व्यापारी, रिक्षाचालक, डिलिव्हरी कामगार यांच्या तक्रारी गोळा करून त्या आयोगापुढे नोंदवाव्यात. ज्याचे नुकसान झाले त्याच्या सहीवाचून झालेली तडजोड ही तडजोड नव्हे. तो बड्यांनी बड्यांना दिलेला माफीनामा आहे.