गडी आणि सवंगडी

यंदा वर्ग सुरू झाले त्याच आठवड्यात आमच्या सूचनाफलकावर एक यादी लागली. ठरावीक विद्यार्थ्यांमागे एक प्राध्यापक, आणि त्या प्राध्यापकांच्या नावापुढे शब्द होता 'मेंटॉर'. गर्दीत उभ्या असलेल्या मित्राने मला विचारले, "मेंटॉर म्हणजे काय रे?" मी ऐटीत म्हणालो, "मार्गदर्शक." पण ते अंदाजाने. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. अडलेला शब्द विचारायला घरी कुणी नाही. म्हणून दुपारी ग्रंथालय गाठले.

तेथे कळले की मेंटॉर हे एका माणसाचे नाव आहे. ग्रीक कवी होमर याच्या 'ओडिसी' या महाकाव्यात इथाका बेटाचा राजा ओडिसियस ट्रॉयच्या युद्धाला निघतो, तेव्हा आपले घरदार या मित्रावर सोपवून जातो. राजा वीस वर्षे परतत नाही. मेंटॉर मात्र मित्राला विसरत नाही. भर सभेत तो त्याची बाजू घेऊन लोकांना खडसावतो. गंमत अशी की, राजपुत्र तेलेमाखस याला वाट दाखविण्याचे मोठे काम करते ती अथीना देवी, मेंटॉरचे रूप घेऊन. पुढे १६९९ साली फेनेलाँ या फ्रेंच लेखकाची तेलेमाखसावरील कादंबरी प्रसिद्ध झाली, तीत मेंटॉर हा गुरू म्हणून गाजला आणि त्याचे नाव हा सर्वसामान्य शब्द झाला. एका इमानी मित्राचे नाव एवढा प्रवास करून नाशिकच्या एका सूचनाफलकावर येऊन बसले, याचे मला नवल वाटले.

मग मला नादच लागला. रोमन कवी व्हर्जिल याच्या 'इनीड' काव्याचा नायक इनियस. त्याचा सोबती अकातीस सदैव त्याच्या बरोबर असतो, पण बोलतो फार थोडे. तरी इंग्रजीत जिवाभावाच्या मित्राला आजही 'विश्वासू अकातीस' म्हणण्याची रीत आहे. इनियसची दाई कायेता प्रवासात वारली. इटलीच्या किनाऱ्यावर रोम आणि नेपल्स यांच्या दरम्यान गाएता नावाचे शहर आहे. ते नाव तिचे, असे व्हर्जिल सांगतो. इनियसचा सुकाणूवाला पालिनुरस समुद्रात पडला आणि किनारा गाठताच मारला गेला. तिकडच्या एका भूशिराला त्याचे नाव आहे. दाईचे नाव शहराला आणि नावाड्याचे नाव भूशिराला!

आपल्याकडेही अशी नावे थोडी नाहीत. कुणी मर्यादा सांगितली की आपण 'लक्ष्मणरेषा' म्हणतो. गरिबाने प्रेमाने काही दिले की ते 'सुदाम्याचे पोहे' होतात. १६५९ साली प्रतापगडावर सय्यद बंडाचा वार अडविणारा जिवा महाला 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' या म्हणीत अमर झाला. राणा प्रतापाचा घोडा चेतक. त्याच्या नावाची स्कूटर पुण्याच्या कारखान्यातून १९७२ पासून देशभर गेली. त्याच नावाच्या हेलिकॉप्टरवर नाशिकरोडच्या लष्करी शाळेत कितीतरी वैमानिक तयार झाले. म्हणजे इमान ठेवले की नाव राहते, असा साधा हिशेब दिसतो.

हा हिशेब मला पटेना. त्याचे कारण माझ्या घरात आहे.

माझे वडील निफाड तालुक्यातील एका द्राक्षबागेत सालगडी आहेत. मालकांचे नाव मी येथे लिहीत नाही. ते वाईट गृहस्थ नाहीत. माझ्या पहिल्या वर्षाची फी त्यांनीच भरली. दर गुढीपाडव्याला साल ठरते. अशी बावीस साले झाली. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, घडांची विरळणी, पहाटेची फवारणी, सारे वडिलांच्या हातचे. बारावीचा निकाल घेऊन मी पेढे द्यायला गेलो, तेव्हा मालक कौतुकाने म्हणाले, "तुझ्या बापासारखा इमानी हो. असा गडी पंचक्रोशीत मिळायचा नाही." मी पाया पडलो. निघताना माझे लक्ष अंगणातील कुत्र्याच्या घराकडे गेले. त्यावर रंगाने ठळक लिहिले होते, 'राजा'. बावीस वर्षांत माझ्या वडिलांना त्या वाड्यात नावाने हाक मारलेली मी ऐकली नव्हती. "गडी कुठाय?" एवढेच.

गडी हा शब्द आपल्या भाषेत मोठा विलक्षण आहे. गडी म्हणजे नोकर, आणि गडी म्हणजे खेळातला जोडीदारही. विटीदांडूला 'गडी वाटून घेऊ' म्हणतो, तेव्हा कुणी कुणाचा चाकर नसतो. कृष्णाचे गोपाळ ते सवंगडी. त्यांची शिदोरी एकत्र कालवली जाते आणि सर्वांना सारखी वाटली जाते. एकाच शब्दात चाकरी आणि मैत्री या दोन्ही गोष्टी आहेत. इमानाच्या गोष्टी वाचताना आपण हे विचारले पाहिजे की, शेवटी गड्याचा सवंगडी झाला का?

'ओडिसी'त अर्गोस नावाचा कुत्रा आहे. वीस वर्षांनी धनी भिकाऱ्याच्या वेषात येतो. दारापुढच्या शेणाच्या ढिगावर पडलेला म्हातारा अर्गोस त्याला ओळखतो, शेपूट हलवतो आणि प्राण सोडतो. ओडिसियस कुणाच्या नकळत डोळे पुसतो आणि पुढे जातो. वेषांतर उघडे पडू नये म्हणून त्याला थांबता येत नाही. हे वाचून कुणालाही गहिवरून येईल. पण त्याच काव्यातला युमेयस मला अधिक जवळचा वाटला. हा डुकरे राखणारा गुलाम. जन्माने राजाचा मुलगा, पण लहानपणी पळवून नेऊन विकलेला. भिकाऱ्याला तो मालक म्हणून ओळखत नाही, तरी आपल्या झोपडीत घेतो, जेवू घालतो, अंगावर पांघरूण घालतो. होमर या गुलामाविषयी सांगताना मध्येच त्याला 'तू' म्हणून हाक मारतो, जणू तो समोर बसला आहे. शेवटच्या लढाईआधी ओडिसियस त्याला आणि गुराख्याला वचन देतो की, जिंकलो तर तुमची लग्ने लावून देईन, माझ्या घराशेजारी घरे बांधून देईन, आणि माझ्या मुलाचे तुम्ही भाऊ व्हाल.

लढाई जिंकली जाते. बेइमान ठरलेल्या बारा दासींना त्याच दिवशी फाशी दिले जाते. युमेयसच्या घराचे मात्र पुढे काय झाले, ते काव्य संपेपर्यंत सांगितलेले नाही. बेइमानीची शिक्षा त्याच दिवशी आणि इमानाचे देणे पुढच्या पाडव्याला, हा रिवाज बराच जुना दिसतो! आणि ज्याला भाऊ म्हणण्याचे वचन मिळाले, त्या युमेयसचे नाव मेंटॉरसारखे कुणाच्या तोंडी नाही.

याउलट आपल्या पुराणांत काही गोष्टी अशा आहेत की त्यांत धनीच परीक्षेला बसतो. सुदामा दारी आला तेव्हा कृष्ण आसनावरून उठून धावला. महाभारताच्या शेवटी युधिष्ठिराबरोबर एक कुत्रा चालतो. त्याला टाकून स्वर्गात ये, असे इंद्र सांगतो. युधिष्ठिर ते नाकारतो. या कुत्र्याला महाभारतात नावही नाही. अर्गोसला नाव मिळाले, पण धनी थांबला नाही. येथे नाव नाही, पण धनी स्वर्गाच्या दारात थांबला. दोघांत भाग्यवान कोण?

आणि आपल्या जिल्ह्यातला जटायू! इगतपुरी तालुक्यातील सर्वतीर्थ टाकेद येथे तो पडला, अशी श्रद्धा आहे. सीतेसाठी पंख गमावलेल्या त्या पक्ष्याला रामाने पाणी पाजले आणि घरच्या वडीलधाऱ्याप्रमाणे त्याचा अंत्यविधी केला. जटायूचे नाव आजही चालते. गिधाडे वाचविण्यासाठी हरियाणात पिंजोर येथे जे केंद्र आहे, त्याला जटायूचेच नाव आहे. पण ते केंद्र काढण्याची वेळ का आली? गुरांना टोचल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधाने, मेलेली गुरे खाणारी गिधाडे लाखांनी मेली. जनावरांसाठी त्या औषधावर २००६ साली बंदी आली, तोवर फार उशीर झाला होता. जटायूची गोष्ट आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत होतो, आणि जटायूचे वंशज आपल्या डोळ्यांदेखत नाहीसे होत होते. नाव टिकले म्हणजे न्याय झाला, असे मानणाऱ्यांनी याचा विचार करावा.

कुणी म्हणेल, परतफेडीची अपेक्षा ठेवली तर ते इमान कसले? तो तर व्यवहार झाला. हा आक्षेप मी खुद्द वडिलांपुढे ठेवला. ते म्हणाले, "इमान मालकाशी नव्हतं रे, बागंशी होतं. येल कुणाचा का आसंना, पानी मागतोच." मी निरुत्तर झालो. सोबती कुणा माणसापेक्षा एखाद्या कामाशी बांधलेला असू शकतो, हे पुस्तकांनी मला सांगितले नव्हते.

त्यानंतर मला आपल्याच नाशिकचे एक उदाहरण आठवले. २ मार्च १९३० रोजी पंचवटीत काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. ज्या रामाने गिधाडाला वडिलांचा मान दिला, त्याच्या देवळाची दारे माणसांना बंद होती. नेतृत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे, पण नाशिकमध्ये राहून ती चळवळ पुढे काही वर्षे नेटाने चालविण्याचा भार मुख्यतः भाऊराव कृष्णाजी ऊर्फ दादासाहेब गायकवाड यांनी वाहिला. १९०२ साली दिंडोरी तालुक्यातील आंबे गावी जन्मलेला हा माणूस बाबासाहेबांचा निकटचा सहकारी होता. बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली पत्रे ग्रंथरूपाने प्रसिद्ध आहेत. बाबासाहेबांच्या निधनानंतरही त्यांनी काम सोडले नाही. भूमिहीनांना जमीन मिळावी म्हणून १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली त्यांनी सत्याग्रह उभारले. येथे मालक नाही आणि चाकरही नाही. एकाच कामाचे दोन गडी आहेत.

१९७१ साली ते वारले. नाशिकमध्ये त्यांच्या नावाचे सभागृह आहे. पण त्याहून मोलाचे मला दुसरे नाव वाटते. २००४ साली राज्य शासनाने अनुसूचित जाती व नवबौद्ध समाजातील भूमिहीन, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन देण्याची योजना काढली. तिला दादासाहेबांचे नाव आहे. अशा योजना कागदावर किती आणि शेतात किती, हा प्रश्न आहेच. तरी सोबत्याचे नाव ठेवायचे तर असे ठेवावे, की त्या नावातून कुण्या गड्याला सातबारा मिळावा.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच. मित्रांनो, इमानी सोबत्यांच्या गोष्टी जरूर वाचाव्यात, पण त्या धन्याच्या ओसरीवर बसून वाचू नयेत. प्रत्येक गोष्टीत विचारावे, धनी आसनावरून उठला का? मालकांनी भरलेल्या फीचे उपकार मी मानतो. पण बावीस वर्षांच्या छाटणीपुढे ते उपकार की उशिरा फेडलेले थोडेसे देणे, हा प्रश्न मी मनातून काढू शकलेलो नाही.

मेंटॉर सरांनी आम्हांला एक फॉर्म भरायला दिला होता. त्यात 'पालकाचा व्यवसाय' असा रकाना होता. गेल्या वर्षी प्रवेशाच्या वेळी अशाच रकान्यात मी 'शेती' असे लिहिले होते. यंदा 'सालगडी' लिहिले. आणि वरच्या रकान्यात वडिलांचे संपूर्ण नाव, आजोबांच्या नावासह, सुवाच्य अक्षरात लिहिले.