मुक्काम कुठे करावा?

सुट्टीत गाडीत गाद्या टाकून फिरणारी कुटुंबं आता आपल्यातही दिसू लागलीत. लॉजचा खर्च वाचतो, पण रात्री गाडी लावायची कुठे?

आम्ही नीरेहून बारामतीकडे येताना कोऱ्हाळे बुद्रुकजवळ रात्र झाली. आधी नीरा डाव्या कालव्याकाठची झाडी आवडली. अम्मी म्हणाल्या, "अंधारात पोरं खाली उतरली तर?" मग रस्त्याकडेला थांबलो. उसाचा हंगाम, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रभर चालू, काहींच्या मागे साधा रिफ्लेक्टर नाही. हंगामात रस्त्याकडेला झोपू नका, हे आम्ही कळकळीनं सांगतो.

शेवटी पेट्रोल पंपावर विचारलं. "लावा की भिंतीकडंला, सकाळी डिझेल भरा म्हंजे झालं." उजेड, नळ, संडास, वुजूला पाणी, सगळं मिळालं. चहाचा स्टोव्ह मात्र पंपाच्या आवारात पेटवायचा नाही!

ढाबा, लग्न नसलेलं मंगल कार्यालय, मस्जिदीचं आवार इथंही जागा मिळते. इशाच्या आत पोहोचून विचारावं, न विचारता लावू नये. राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण 2021 साली आलं, पण खेड्यात अजून विचारपूसच कामी येते.

आणि इंजिन चालू ठेवून एसीत झोपू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपेतच माणूस जातो. इंजिन बंद, काच दोन बोटं उघडी, एवढं तरी कराच.