औषधाइतकाच खलही महत्त्वाचा

औषधाच्या दुकानात माझी पस्तीस वर्षे गेली. एवढ्या वर्षांत गिऱ्हाइकांना एक गोष्ट मी सांगून सांगून थकलो. औषध बाटलीत किंवा पाकिटात असते तोवर त्याची जबाबदारी कंपनीची. तिथून ते रोग्याच्या पोटात जाईपर्यंतची जबाबदारी मात्र घरच्यांची. आणि निम्मे घोटाळे याच वाटेवर होतात, चमच्यात, वाटीत, खलात. हे मी इतरांना सांगत आलो, पण त्याचा खरा चटका मला बसला तो दूर कॅनडात, सख्ख्या थोरल्या बहिणीच्या घरी.

अक्का लग्न करून १९७८ साली तिकडे गेली. आता सत्तरी गाठली आहे. गेली काही वर्षे तिला मल्टिपल स्क्लेरोसिस नावाचा विकार आहे. विजेच्या तारेवरचे वेष्टण झिजावे तसे या रोगात मज्जातंतूंवरचे आवरण झिजते. अक्काचे पाय लाकडासारखे ताठ होतात, रात्री पेटके येतात, हातातला जोर गेला आहे. नेहमीच्या गोळ्यांनी पुरेसा आराम पडेना, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी तिला भांगेच्या झाडाचे वाळलेले फूल औषध म्हणून सुरू केले. म्हणजे आपण ज्याला गांजा म्हणतो तेच!

२०२३ च्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे गेलो तेव्हा हे ऐकून प्रथम दचकलोच. जिच्या धाकाने आम्ही भावंडांनी कधी तपकीरही ओढली नाही, ती अक्का आणि गांजा? पण तिथला कायदा निराळा आहे. कॅनडात २००१ पासून डॉक्टरांच्या लेखी शिफारशीने रोग्याला हे औषध मिळते. १७ ऑक्टोबर २०१८ पासून तर सर्वच प्रौढांना ते कायद्याने खुले झाले. अक्काचे औषध सरकारी परवान्याच्या विक्रेत्याकडून टपालाने येते, आणि त्यात टीएचसी हा अंमल आणणारा घटक किती, हे वेष्टणावर छापलेले असते. ती ते जाळून ओढत नाही. विजेवरच्या एका छोट्या यंत्रात फूल फक्त तापते आणि निघणारी वाफ ती ओढते. रोज रात्री शंभर मिलिग्रॅम फूल, असे डॉक्टरांनी ठरवून दिले होते.

हे फूल यंत्रात घालण्यापूर्वी चुरावे लागते. त्यासाठी एक गोल डबी मिळते. झाकणाला आणि बुडाला आतून दात असतात. मध्ये फूल ठेवायचे, झाकण बसवायचे आणि दोन्ही हातांनी उलटसुलट फिरवायचे. भाच्याने बाजारातून एक चकचकीत, रंगीत डबी आणून दिली होती. तिला चार मजले होते. दातांखाली भोके, त्याखाली चुऱ्याचा कप्पा, त्याखाली बारीक जाळी आणि अगदी तळाशी आणखी एक कप्पा. जाळीतून गळणारी पिवळसर धूळ त्यात साठायची.

सुरुवातीला अक्काची तक्रार होती की औषध लागू पडत नाही. पाय तसेच ताठ. डॉक्टरांना सांगून प्रमाण वाढवून घ्यावे, असे घरात बोलणे चालले होते. दोन-तीन आठवड्यांनी तिने तळाचा कप्पा उघडला. पाहते तर चांगली चिमूटभर धूळ! आमच्या आईच्या हाताखाली वाढलेली ती. म्हणाली, "वाया कशाला घालवायचे?" आणि त्या रात्रीच्या चुऱ्यावर तिने ती भुरभुरली. दहा मिनिटांत तिचे तोंड कोरडे पडले, छाती धडधडू लागली, खोली फिरू लागली. न्हाणीघराकडे जाताना ती दारात पडली. सुदैवाने हाड मोडले नाही, मनगट तेवढे सुजले.

दुसऱ्या दिवशी मी ती डबी टेबलावर खोलून बसलो. झाले काय होते? या फुलाचा गुण त्याच्या पानापाकळीत कमी आणि वरच्या बारीक, चिकट केसरासारख्या कणांत जास्त असतो. तेच कण जाळीतून गळून तळाला बसत होते. म्हणजे रोज रात्री अक्का औषधाचा चोथाच जास्त घेत होती आणि त्याचे सत्त्व तळात साठत होते. मग एका रात्री कितीतरी दिवसांचे सत्त्व एकदम पोहोचले. डॉक्टर चुकले नव्हते, विक्रेता चुकला नव्हता. चुकली होती ती डबी!

आम्हाला महाविद्यालयात खलात औषध कुटायला शिकवीत तेव्हा गुरुजींचा एक दंडक असे. चाळणीवर राहिलेला भाग फेकायचा नाही, पुन्हा कुटायचा आणि सारे एकत्र करायचे. कारण वनस्पतीचा मऊ भाग आधी दळला जातो आणि कठीण भाग मागे राहतो. दोन्हींचा गुण सारखा नसतो. जुने वैद्यही वस्त्रगाळ चूर्ण करताना हेच करीत. जाळीची डबी नेमके उलटे करते. शौकिनांना ती धूळ वेगळी हवी असते, म्हणून त्यांच्या सोयीने ती डबी बनवली आहे. रोग्याला मात्र रोज एकसारखी मात्रा हवी.

मग भाच्याला घेऊन आम्ही दुकानात गेलो. तिथे चित्रे काढलेल्या, चमचमत्या डब्यांची रांग होती. मी अक्काला म्हणालो, "अक्का, रंग नंतर बघ. आधी प्रत्येक डबी तू स्वतःच्या हाताने फिरवून बघ." लहान डबी तिच्या बोटांत धरवतच नव्हती. मोठ्या, सुमारे अडीच इंच व्यासाच्या आणि कडेला खाचा असलेल्या डबीवर मात्र हाताची पकड बसली. ज्यांना तेही जमत नाही त्यांच्यासाठी वर फिरवायची दांडी असलेली डबी मिळते. विजेवर चालणारीही मिळते, पण ती क्षणात फार बारीक पीठ करते. फार बारीक चुरा यंत्राच्या जाळीत अडकतो, फार जाड असला तर सारखा तापत नाही. मध्यम चुराच बरा.

मग प्रश्न धातूचा. आतून रंग दिलेली डबी आम्ही बाजूला ठेवली, कारण दातांच्या घर्षणाने रंगाचे कपचे निघून चुऱ्यात मिसळतात. प्लॅस्टिकचे दात तुटतात. लाकडाची डबी छान दिसते, पण नीट धुता येत नाही. शेवटी स्टेनलेस स्टीलची, दोनच भागांची, जाळी नसलेली साधी डबी घेतली. जे फूल आत जाईल ते सगळे तिथेच राहणार. थोडी जड आहे, म्हणून अक्का ती हातात न धरता टेबलावर ठेवून फिरवते.

त्याबरोबर छोटा वजनकाटाही घेतला. त्या दिवसापुरतेच चुरायचे, चुरा नीट कालवायचा आणि मग वजन करून घ्यायचा. डबी चिकट होते, म्हणून दर आठवड्याला ब्रशने साफ करायची आणि स्पिरिटने पुसून पूर्ण वाळवायची. अर्थात शेगडीपासून लांब! फुलाला बुरशीचा वास आला तर ते चुरायचेच नाही. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रोग्याला ती बुरशी फुप्फुसात महागात पडू शकते. आणि डबी व औषध दोन्ही कुलपात, नातवंडांच्या हाताला लागणार नाही असे.

त्यानंतर अक्काला प्रमाण वाढवावे लागले नाही. पाय पूर्ण बरे झाले असे नाही, तो रोगच तसा आहे. पण रात्रीची झोप सुधारली आणि पुन्हा ती पडली नाही.

माझा आक्षेप कोणावर असेल तर तो औषध देऊन अवजार न शिकवण्याच्या पद्धतीवर आहे. अक्काला घटक किती टक्के ते कागदावर मिळाले, मात्रा किती ती मिळाली. पण ते चुरायचे कशात, हे कोणी सांगितले नाही. ते भाच्याच्या आवडीवर सोडले गेले. माझे स्पष्ट मत आहे की ज्या औषधाला घरी कुटावे, मोजावे वा ओढावे लागते, त्याच्या चिठ्ठीवर अवजाराचे नावही हवे, आणि ते रोग्याच्या हातात देऊन एकदा करवून घ्यायला हवे.

तुम्ही म्हणाल, हे कॅनडातले, आम्हाला काय त्याचे? आपल्याकडे या झाडाचे फूल, म्हणजे गांजा, १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात येतो. तो बाळगणे गुन्हा आहे. तेव्हा हा लेख वाचून कोणी घरगुती प्रयोग करू नयेत. धूर तर कोणत्याही देशात फुप्फुसाला वाईटच.

पण अवजाराची चूक आपल्याही घरात रोज होते. गिळता येत नाही म्हणून आजोबांची गोळी वरवंट्याखाली कुटली जाते. नावापुढे 'एसआर' किंवा 'एक्सएल' लिहिलेली गोळी दिवसभर हळूहळू विरघळावी अशी बनवलेली असते. तिची पूड केली की दिवसाचे औषध एकदम अंगात जाते. अक्काच्या त्या धुळीसारखेच! काही गोळ्यांवर त्या जठरात विरघळू नयेत म्हणून लेप असतो, तो फोडला की औषधाचा उपयोग कमी होतो. मुलांचे पातळ औषध घरातल्या कुठल्याही चमच्याने मोजतात, आणि दोन घरचे चमचे कधी सारखे नसतात. बाटलीबरोबर मिळालेले मापच वापरावे.

म्हणून पुढच्या वेळी दुकानातून औषध घेताना एक प्रश्न जरूर विचारा, "हे कुटले तर चालेल का, आणि मोजायचे कशाने?" गर्दी असली तरी विचारा. दुकानदाराने कपाळाला आठ्या घातल्या तरी विचारा. उत्तर देणे हे त्याचे कामच आहे, आणि या बाकड्यामागे पस्तीस वर्षे उभा राहिलेला माणूस तुम्हाला हे सांगतो आहे.