मोजपट्टीपलीकडचा खेळाडू

३० मीटर धाव, जागेवरून लांब उडी, मेडिसिन बॉल फेक अशा चाचण्यांतील गुणांच्या आधारे राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीसाठी मुले निवडली जातात. मात्र हे आकडे मुलाची आजची शारीरिक क्षमता सांगतात. ज्याची वाढ लवकर झाली, तो साहजिकच पुढे दिसतो. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २००९ मध्ये प्रबोधिनीत दाखल झाला. वर्षभराच्या शारीरिक प्रशिक्षणानंतर त्याने नेमबाजी निवडली आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक पटकावले. या यशामागील मनाची स्थिरता धाव-उडीच्या मोजपट्टीत मावणारी नव्हे. म्हणूनच चाचणी हे केवळ प्रवेशद्वार ठरावे. वाढ उशिरा होणाऱ्या मुलांसाठी ते पुन्हा उघडणे अगत्याचे आहे.